‘ले’चा ‘ला’

आर्वीत प्रभाकरराव गुल्हान्यांइतकं शुद्ध मराठी बोलणारा दुसरा माणूस नव्हता, आणि त्यामुळेच त्यांच्याशी फार वेळ कोणी बोलत नसे. भाजीवाला म्हणाला, "काका, वांगे घ्या," की हे म्हणत, "वांगी." तो म्हणे, "हो, वांगेच हायेत." हे पुन्हा, "वांगी." हा वाद निकाली निघेपर्यंत मागच्या बाईने चांगली चांगली निवडून नेलेली असत आणि प्रभाकरराव शुद्ध भाषेत किडकी वांगी घेऊन घरी येत.

वडिलांचं किराणा दुकान होतं. तराजू सोडून प्रभाकररावांनी टाइपरायटर धरला, तेव्हा वडील म्हणाले होते, "पोरगं खटखट करून पोट भरणार म्हणते." पण भरलं. एस. टी. डेपोसमोर खतांच्या दुकानावरच्या माळ्यावर ‘सुवाच्य टंकलेखन केंद्र’ उभं राहिलं. पुढे ‘व संगणक’ हे शब्द पाटीवर आले, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात. तालुक्यातले निम्मे कारकून त्या जिन्याने वर चढले आणि प्रमाणपत्र घेऊन खाली उतरले. खाली उतरताना युरियाच्या वासाने सगळ्यांना सारख्याच शिंका येत.

संगणकालाही प्रभाकररावांनी शुद्ध मराठीत बोलावून पाहिलं. ‘कळफलक’ कसाबसा चालला. ‘सेव्ह करा’ऐवजी ‘जतन करा’ म्हणाले, तर मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "सर, जतनले काय करा?" त्या दिवसापासून ते नाइलाजाने ‘सेव्ह’ म्हणू लागले. शिस्त मात्र कडक. वाक्य संपलं की सेव्ह. उठताना फाइल बंद. घरी जाण्याआधी पेन ड्राइव्हवर नक्कल, जुनीच्या जागी नवी. ‘जुनी बदलू का?’ असं मशीनने विचारलं तर घाबरायचं नाही, ‘हो’ म्हणायचं. दोन जागी दोन वेगळ्या फाइली म्हणजे दोन घड्याळं दोन वेळा दाखवणार, असं ते सांगत.

अशा माणसाच्या पदरी देवाने मंदाबाई घातल्या.

मंदाबाई कारंजा घाडग्याकडच्या. लग्नानंतरचं त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मले तहान लागली." नवऱ्याचं पहिलं उत्तर पाणी नव्हतं, "मला" होतं. त्यानंतरच्या सगळ्या संसारात बाईंच्या प्रत्येक ‘मले’मागून एक ‘मला’ ऐकू येत राहिला, आरतीत मागून टाळी धरणाऱ्यासारखा. बाई बदलल्या नाहीत.

"एवढं ‘मला मला’ करता," त्या म्हणत, "तं चहा करून घेत जा स्वतःचा. चहाले व्याकरण लागत नाई."

"चहाला."

"त्याले बी नाई लागत."

केंद्रात त्या दुपारी पोरांसाठी चहा घेऊन येत, झाडू मारत, पंख्यांची बटणं बंद करत. मशीनला हात लावत नसत. त्यांना बसवलं ते दीपालीने. दीपाली त्याच केंद्रात शिकली आणि तिथेच शिकवायला लागली. सरांना भीत नसलेली अख्ख्या आर्वीत ती एकटीच.

"काकू, बसा न इथं. दुपारी खिडकीजवळचं मशीन रिकामंच राह्यते."

"मी कायले? माह्या हाताले पीठ लागलं हाये."

"पीठ पुसा अन् बसा."

बसल्या. महिनाभरात अक्षरं सापडायला लागली. पुस्तकातले धडे मात्र त्यांनी परत केले. "कोण हा राजा अन् कोण प्रधान? माह्या ओळखीचं कोणीच नाई याच्यात." मग त्या ओळखीचं लिहू लागल्या. माहेरची विहीर, पापडांचं पीठ, शेजारच्या भागीरथाबाईंचं मांजर, हायवेवर उलटलेला संत्र्याचा ट्रक आणि त्यानंतर अख्ख्या गावाला झालेला खोकला. जसं बोलायच्या तसंच. मशीनमधून कोणी ‘मला’ म्हणत नव्हतं. प्रभाकरराव जवळून जात तेव्हा फक्त बायकोची बोटं बघत. पडद्यावर काय उमटतंय ते त्यांनी कधी वाचलं नाही. सरावाचा मजकूर कोण वाचतो?

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मंदाबाईंच्या हातून दुधाचं पातेलं पडलं, आणि त्या पातेल्याकडे बघत बसल्या. वर्ध्याला नेलं. उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. लिहायचे म्हटले तरी सापडणार नाहीत. रुचिकाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, पुण्याहून येऊन आईपुढे कळफलक ठेवून पाहिला. बाईंचं डावं बोट सगळ्या कळांवरून फिरून आलं आणि मांडीवर जाऊन पडलं. नंतर त्यांनी डाव्या हाताने दोन खुणा ठरवल्या. खाटेच्या पाटीवर टकटक म्हणजे हो. तळवा हवेत फिरवला म्हणजे नाही.

घर एकदम शुद्ध झालं. ‘मले’ म्हणणारं कोणी उरलं नाही. प्रभाकररावांचा ‘मला’ तोंडापर्यंत येई आणि मागे वळे.

फेब्रुवारीत रुचिकाचा फोन आला. "बाबा, आईनं लिहिलेलं सगळं मले पाठवा. हर्षाले वाचून दाखवीन म्हणते. आजी कशी बोलत होती ते पोरीले कळू दे." हर्षा म्हणजे तिची लहान मुलगी.

प्रभाकरराव केंद्रात गेले. खिडकीजवळच्या मशीनवर फाइल उघडली. पहिल्याच ओळीत तीन ‘ले’. दुसरीत दोन. इस्त्री न केलेला सदरा घालून बायको नातीकडे निघाली आहे असं त्यांना वाटलं. असं पाठवायचं? आधी नीट करू, मग सावकाश वाचू. त्यांनी पडद्यावर ‘शोधा आणि बदला’ची ती लहानशी खिडकी उघडली, जी पोरांना शिकवताना ते बजावत, "हे शस्त्र जपून वापरा." वरच्या चौकटीत ‘ले’ लिहिलं, खालच्या चौकटीत ‘ला’ लिहिलं, आणि ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबलं.

मशीनने डोळ्याचं पातं लवायच्या आत काम केलं. जे काम ते स्वतः सगळा संसारभर करत होते आणि तडीस नेऊ शकले नव्हते.

सेव्ह केलं. फाइल बंद केली. पेन ड्राइव्ह लावला. ‘जुनी बदलू का?’ ‘हो.’ मग रुचिकाला मेल केली आणि समाधानाने घरी येऊन बायकोला म्हणाले, "पाठवलं गं तुझं. जरा नीट करून."

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, हे काय पाठवलं तुम्ही?"

"आईचं लिखाण. थोडं शुद्ध केलं."

"थोडं? ऐका, वाचते. ‘माह्या लाकीचं नाव कॉलाजात टाकलं.’ ही लाकी कोण आहे?"

प्रभाकररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"‘लाडीज डब्यात जागा नव्हती.’ आणि हे ऐका. ‘हे घरी आला. हे जेवला. हे माह्यावर रागावला.’ आईनं आजवर तुम्हाले कधी अरे-तुरे केलं का?"

मंदाबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘हे’ म्हणत, आणि ‘हे’च्या मागून ‘आले’, ‘जेवले’, ‘रागावले’ येत. ते सगळे ‘ले’ गेले. प्रभाकररावांनी एका बटणाने बायकोची बोली सुधारली होती आणि त्याच बटणाने तिने दिलेला सगळा मान स्वतःच्या डोक्यावरून उतरवून ठेवला होता.

"उलट फिरव," ते म्हणाले. "तू प्रोग्राम लिहितेस ना? ‘ला’चा ‘ले’ कर."

"कसा करू? आईच्या लिहिण्यात खरे ‘ला’ बी होते न. ‘ट्रक आला’, ‘दिवा लावला’. ते आधीपासूनचेच. आता तुमचे ‘ला’ अन् तिचे ‘ला’ सारखेच दिसतात." मग ती जरा थांबली. "बाबा, मार्केटमध्ये दोन गाड्यांचा कापूस एका ढिगात ओतला, तं नंतर कोणतं बोंड कोणाच्या गाडीतलं ते सांगता येते का? तसं हे. ‘मला’, ‘तुला’ असे काही मी ओळखून बदलून देईन. पण ‘आला’चं काय करू? तिथं ‘आला’ होता का ‘आले’, हे प्रोग्रामले कसं कळणार? ते ढिगात नाहीच. ते आईजवळ हाये. नाई तं तुमच्याजवळ."

"माझ्याजवळ?"

"तुम्ही इतकी वर्षं ऐकलं न तिले."

फोन ठेवल्यावर प्रभाकररावांनी मनाशी कबूल केलं. ऐकलं होतं. पण प्रत्येक वाक्य चूक सापडेपर्यंतच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीपालीला बरोबर घेऊन त्यांनी खिडकीजवळचं मशीन घरी आणलं आणि मंदाबाईंच्या खाटेशेजारी स्टुलावर मांडलं. दीपाली तारा जोडता जोडता म्हणाली, "सर, तुम्हीच सांगत होते न, हे शस्त्र जपून वापरा म्हणून?"

"हो."

"मंग?"

"दीपाली, वायर जोड."

तिने जोडली. पण जाताना बाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "काकू, सोडू नका यायले." बाईंनी पाटीवर टकटक केलं.

रोज दुपारी, जेवण आवरलं की काम सुरू होई. प्रभाकरराव पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचत, आधी बिघडलेलं, मग त्यांना जसं असावंसं वाटे तसं. बाई टकटक करत, नाहीतर तळवा फिरवत. पहिले दोन-तीन दिवस प्रभाकररावांची जीभ वळेना. ‘मले’ म्हणताना त्यांचा चेहरा एरंडेल घेतलेल्या पोरासारखा होई. बाई ते बघत राहत आणि मुद्दाम तळवा फिरवून पुन्हा म्हणायला लावत.

"विहिरीले... विहिरीले पाणी नव्हतं."

तळवा.

"म्हटलं की आता! विहिरीले पाणी नव्हतं."

टकटक. पण जरा उशिराने, पुरेसं ऐकून झाल्यावर.

कधी उत्साहाच्या भरात ते बरोबर असलेला ‘ला’सुद्धा बदलू जात. "ट्रक उलटले," ते एकदा म्हणाले, आणि बाईंनी तळवा इतक्या जोरात फिरवला की पाण्याचा पेला खाली गेला. ट्रक एकच होता. ट्रकला मान देण्याचं त्यांच्या माहेरी कोणाला कारण नव्हतं. त्या दिवशी बाई हसल्या, अर्ध्या ओठांनी. प्रभाकररावांनी पेला उचलला, फरशी पुसली आणि ‘उलटला’ तसाच ठेवला.

हळूहळू त्यांना टकटकीआधीच कळायला लागलं. बायको वाक्याच्या शेवटी कुठे थांबते, कोणाला ‘ते’ म्हणते आणि कोणाला ‘थो’, रागात ‘कायले’ कसा ओढते. हे सगळं त्यांच्या कानात होतंच. इतके दिवस त्यावर ‘मला’ची पाटी ठोकलेली होती. विहीर झाली. पापड झाले. मांजर झालं. ‘लेकीचं नाव कॉलेजात’ परत आलं. ‘हे’ घरी आले, जेवले, रागावले.

मग तो परिच्छेद आला.

‘आदेशला ताप होता. वर्ध्याच्या दवाखान्यात होतो. आंगावर हात ठेवला का चटका बसे. रातभर मी अन् हे बसून होतो. पहाटेला माहा डोया लागला. उठली तं उजाडलं होतं. गेला. मला कोणी उठवलं नाई.’

एवढंच. पुढची ओळ दुसऱ्याच गोष्टीची, कैरीच्या लोणच्याची.

आदेश त्यांचा पहिला मुलगा. रुचिकाच्या आधीचा. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. रुचिकालाही ते मोठी झाल्यावर आत्याकडून कळलं होतं. प्रभाकररावांनी परिच्छेद मनात वाचला, मोठ्याने वाचला नाही. म्हणाले, "आज पुरे." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते सरळ लोणच्यावर गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. बाईंनी हरकत घेतली नाही.

पण तो एक शब्द त्यांना सोडेना.

आदेश गेला त्या सकाळी वर्ध्यात टायपिंगची परीक्षा होती. केंद्राची पहिलीच तुकडी, आर्वीहून पहिल्या एस. टी.ने येणारी पोरं, त्यांना परीक्षेच्या जागी नेऊन बसवायचं होतं. पहाटे मुलाचा ताप उतरल्यासारखा वाटला. मंदा भिंतीला टेकून झोपली होती. तिला न उठवता प्रभाकरराव निघाले. दुपारी परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. झोपेतच गेला, असं वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या. प्रभाकररावांनी ते वाक्य धरून ठेवलं. झोपेतच गेला म्हणजे मंदाही झोपेतच होती. जागी झाली तेव्हा सगळं झालेलं होतं. आपण तिथे असतो तरी काही वेगळं होणार नव्हतं. मंदाला त्यांनी कधी विचारलं नाही. तीही कधी काही बोलली नाही.

आता पडद्यावर ‘गेला’ होतं. तो ‘गेला’ आधीपासूनच ‘गेला’ असेल, तर गेला तो आदेश, आणि नर्सबाईंचं खरं होतं. पण तो मुळात ‘गेले’ असेल, तर गेले ते ‘हे’. म्हणजे मंदा उठली तेव्हा मुलगा होता. नवरा नव्हता. आणि त्यानंतरचं जे काही झालं ते तिने एकटीने पाहिलं.

त्यांनी स्वतःच एका बटणाने दोन्ही गोष्टींचं एकच अक्षर करून ठेवलं होतं. आता तसंच राहू दिलं तर कोणालाही कधी कळणार नव्हतं. रुचिका वाचेल, हर्षा वाचेल, आणि गेला तो मुलगा असंच समजतील. व्याकरणाच्या दृष्टीनेही वाक्य निर्दोष होतं.

त्या आठवड्यात दीपाली एकदा डोकावली. "सर, कुठवर आलं?"

"लोणच्यापर्यंत."

"मंग झालंच म्हणा न."

"एक शब्द राह्यला आहे," ते म्हणाले. दीपाली चमकून बघत राहिली. सर ‘राहिला’ म्हणाले नव्हते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने थट्टा केली नाही. चहा करून ठेवला आणि गेली.

त्या दुपारी प्रभाकररावांनी परिच्छेद उघडला. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि पडदा बायकोकडे वळवला. पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले. "आदेशले ताप होता." टकटक. पुढची वाक्यं त्यांनी एकेक करून वाचली. "पहाटेले माहा डोया लागला." टकटक. "उठली तं उजाडलं होतं." टकटक.

इथे ते थांबले. दोन्ही शब्द तोंडाने म्हणून दाखवणं त्यांना जमेना. एक म्हटला असता तर सुटका मागितल्यासारखं झालं असतं, दुसरा म्हटला असता तर तो तिच्याकडून वदवून घेतल्यासारखा. त्यांनी ‘गेला’च्या मागे खूण नेली आणि एक कळ दाबून काना पुसला. पडद्यावर ‘गेल’ एवढंच उरलं, अर्धवट. मग कळफलक उचलून त्यांनी मंदाबाईंच्या मांडीवर ठेवला.

काना आणि मात्रा दोन्ही डाव्या हाताच्या कळा. काना वरच्या ओळीत, मात्रा त्याच्या खालच्या ओळीत, बोटभर अंतरावर.

"मंदा," ते म्हणाले, "इथं काय होतं?"

मंदाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. लांब डेपोत कोणीतरी नागपूर गाडीची वेळ कर्ण्यावरून सांगत होतं. डावा हात सरकत कळफलकावर आला. मागे रुचिकाने ठेवला होता तेव्हा हे बोट सगळीकडे भटकून परत गेलं होतं. आज ते भटकलं नाही. वरच्या ओळीवर क्षणभर टेकलं, खाली उतरलं आणि दाबलं.

‘गेले.’

इतक्या वर्षांत बायकोने केलेली ती एकच तक्रार होती, आणि तिच्यातही तिने त्यांचा मान सोडला नव्हता.

"जागा होता तो?" त्यांनी विचारलं.

टकटक. एकदाच, हलकेच.

"तुले... त्यानं काही..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. शब्द न सापडणं म्हणजे काय ते त्या घटकेला त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, तसाच हातात धरून राहिले.

"गेलतो मी, मंदा," अखेर ते म्हणाले. "तुले उठवाले पाह्यजे होतं. उठवलं नाई. गेलतो."

मंदाबाईंनी टकटक केलं नाही आणि तळवाही फिरवला नाही. कळफलक मांडीवरून घसरत होता, तो डाव्या हाताने सावरला आणि नवऱ्याकडे सरकवला. पुढचं वाक्य अजून राहिलं होतं. प्रभाकररावांनी चष्मा चढवला.

"मले कोणी उठवलं नाई," त्यांनी वाचलं.